घाडगे अण्णांचं चुकीचं निदान

आमचे घरमालक घाडगे अण्णा बिघडलेल्या वस्तूला हात लावत नाहीत. आधी ते तिच्या मालकाची जबानी घेतात. वस्तू टेबलावर, मालक खुर्चीवर, अण्णा स्टुलावर आणि अण्णांच्या मांडीवर हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. या स्क्रूड्रायव्हरनं त्यांनी आजवर एकही स्क्रू सोडवलेला मी पाहिला नाही. त्याचं टोक ते यंत्राला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. पण तेही नंतर. पहिला प्रश्न ठरलेला असतो. मिक्सर असो, गिझर असो की कुणाची स्कूटर असो, अण्णा घसा साफ करून विचारतात, "शेवटचं बरं कधी होतं?"

मी बेंगळुरातल्या कोरमंगलात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले त्याच आठवड्यात माझा मिक्सर बंद पडला. शेजारच्या बाईंनी सांगितलं, अण्णांना दाखवा. मी दाखवला.

"शेवटचं बरं कधी होतं?"

"काल सकाळी."

"काय वाटलं त्यात?"

"शेंगदाण्याचं कूट."

"घाई होती?"

"ऑफिसची घाई रोजचीच."

"राग?"

"कुणाचा?"

"ते तुम्ही सांगायचं, बाई."

मी मिरजेची. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची माझी नोकरी, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांना प्रश्न विचारून भंडावणं हाच माझा धंदा. तरीसुद्धा त्या दिवशी मी त्या खुर्चीवर चोरी करताना पकडल्यासारखी बसले होते. शेवटी अण्णांनी निकाल दिला की मिक्सर ठणठणीत आहे, माझ्या स्वयंपाकघरातला प्लग सैल आहे. तो खरोखरच सैल होता. मला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला.

अण्णांचा दुसरा नियम म्हणजे उघडायचं नाही. "एकदा उघडलं की यंत्र खोटं बोलायला लागतं, बाई. स्वल्प थांबायचं. ते आपण होऊन सांगतं." हे स्वल्प थांबणं फार लांबतं. आमच्या गल्लीत घरं कमी आणि पीजी जास्त. तिथली मुलं पहिल्या महिन्यात आपल्या स्कूटरी अण्णांकडे आणतात आणि दुसऱ्या महिन्यापासून गॅरेजात नेतात. एकदा नागपूरच्या एका मुलीला त्यांनी असंच विचारलं, शेवटचं बरं कधी होतं, आणि ती एकदम रडायलाच लागली. स्कूटर शेवटची नीट चालली त्या दिवशी मागच्या सीटवर कुणीतरी बसलेलं होतं, आणि तो मनुष्य आता तिच्याशी बोलेनासा झाला होता. अण्णांनी तिला कॉफी करून दिली, तिचं सगळं ऐकून घेतलं. स्कूटर होती तशीच राहिली, पण ती मुलगी अजून दिवाळीला त्यांना फराळ आणून देते.

त्यांचं निदान कधी चुकत नाही असं मुळीच नाही. एकदा गच्चीवरच्या पंपाला स्क्रूड्रायव्हर लावून त्यांनी जाहीर केलं की बेअरिंग गेलं. मग कुणीतरी खाली जाऊन पाहिलं, तर जमिनीखालची टाकी कोरडी ठणठणीत. अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "टाकी रिकामी झाली म्हणून तर बेअरिंगनं तोंड उघडलं. नाहीतर कधी बोललं असतं?" चुकलो हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. ते फक्त "सरी, सरी", म्हणजे कन्नडमध्ये बरं, बरं, म्हणतात आणि स्टूल उचलून आत जातात.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात क्लच बनायचे. विकलेला क्लच बिघडला की गिऱ्हाईक तो परत पाठवायचं, आणि दोष कारखान्याचा की चालवणाऱ्याचा हे ठरवायचं काम अण्णांचं. "परत आलेला क्लच कधी एकटा येत नाही," ते सांगतात. "सोबत एक खोटी गोष्ट येते. मी कधी भार टाकला नाही, मी कधी पाय ठेवला नाही. सगळे सोवळे. मग जाळलं कुणी? मी?" असं आयुष्य गेल्यावर माणूस जबान्या घेणारच.

क्लच हा अण्णांच्या जिव्हाळ्याचा विषय. टॅक्सीत बसले की ते रस्ता पाहत नाहीत, ड्रायव्हरचा डावा पाय पाहतात. आपल्या सिग्नलांवर सगळेच क्लचवर पाय ठेवून रांगतात. अण्णांना ते सोसत नाही. "अय्यो, पाय काढ रे बाबा! क्लच आहे तो, पाट नाही!" दोन ड्रायव्हरांनी त्यांना वाटेत उतरवलं आहे. म्हणून ते माझ्या गाडीतून जायला तयार असतात, पण माझी गाडी ऑटोमॅटिक. पहिल्यांदा बसले तेव्हा वाकून माझ्या पायाशी तिसरं पेडल शोधत होते. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "क्लच नाही? मग गाडीला बरं नसलं तर ती सांगणार कशातून?"

त्यांच्या मते क्लचला रोग दोनच. एक घसरतो, एक चिकटतो. घसरणारा भार अंगावर घेत नाही, इंजिन नुसतंच ओरडतं आणि गाडी हलत नाही. चिकटणारा घेतलेलं सोडत नाही, पेडल कितीही दाबा, गिअर पडत नाही. माणसंही त्यांनी याच दोन खात्यांत वाटून टाकली आहेत. भाडं उशिरा देणारा तळमजल्यावरचा तरुण घसरणारा. रविवारी लॅपटॉप घेऊन बसणारी मी चिकटणारी. स्वतःचं खातं मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

अण्णांचं घराणं इथलं जुनं. मिरज, सातारा, नागपूर हे सगळं त्यांच्या लेखी पुणेच. "आमचे पूर्वज घोड्यावरून आले," ते मला ऐकवतात, "परत जायला निघाले ते सिल्क बोर्डाच्या सिग्नलला अडकले, ते अजून तिथंच." घरात आता ते एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. इथं रक्ताचं माणूस म्हणाल तर एक थोरली बहीण, तुळजाक्का. बोम्मसंद्र्याच्या पुढे आनेकलच्या वाटेवर तिचं शेत आहे. नाचणी, थोडी आंब्याची झाडं, आणि तिच्या नवऱ्यानं घेतलेला एक जुनापुराणा ट्रॅक्टर. नवरा गेल्यावरही तिनं शेत सोडलं नाही. दर रविवारी अण्णा बसनं तिच्याकडे जायचे आणि संध्याकाळी पिशवीभर कढीपत्ता घेऊन परतायचे. त्यातला अर्धा मला मिळायचा.

गेल्या गौरीनंतर कढीपत्ता बंद झाला. अण्णा सांगायला तयार नव्हते, पण त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही. झालं होतं असं की गौरीच्या दिवशी अक्काच्या विहिरीवरचा पंप बंद पडला. घरात पाहुणे, ओट्यावर पुरण, आणि अण्णांनी अक्काला सगळ्यांसमोर खुर्चीवर बसवून जबानी सुरू केली. शेवटचं बरं कधी होतं? कुणी चालू केला? बंद करायला विसरलीस ना? खरं सांग. अक्कानं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मी काय मिक्सर आहे?" पाहुणे हसले. अण्णा न जेवता उठले आणि बस धरून घरी आले.

तेव्हापासून रविवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात उभे राहायचे आणि मी खाली उतरले की विचारायचे, "काही बिघडलंय का, बाई?" काही बिघडलेलं नसलं की त्यांचा दिवस कसा जायचा कुणास ठाऊक. एकदा मला राहवलं नाही, म्हणून मी चांगली चालणारी इस्त्री बिघडली म्हणून खाली नेली. तिसऱ्याच प्रश्नाला त्यांनी मला पकडलं. तरी पुढे बराच वेळ प्रश्न विचारत राहिले.

दसरा आला. आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रं पुजतात, इथं आदल्या दिवशी आयुधपूजा होते. त्या दिवशी बेंगळुरातलं चाक असलेलं काहीही सुटत नाही. गाड्या धुतात, हार घालतात, चाकांपुढे लिंबं ठेवतात आणि पूजा झाली की गाडी त्या लिंबांवरून पुढे नेतात. लिंबं चिरडली की वर्षभराची पीडा गेली. अक्काच्या ट्रॅक्टरची पूजा दर वर्षी अण्णाच करायचे. या खेपेला मी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणाले. त्याच दिवशी मी त्यांना गुडघ्यावर बसून माझ्या गाडीपुढे लिंबं ठेवताना पाहिलं.

मग मे महिन्यात एका रविवारी अक्काचा फोन आला. अण्णा फोन कानाला न लावता हातात धरून बोलतात, त्यामुळे तो मलाही जिन्यात ऐकू आला.

"तम्मा, मी आहे. सांगायचं म्हणून सांगते. ट्रॅक्टर विकायला काढला. काल होसूरहून गिऱ्हाईक आलं होतं. त्याच्यासमोर गिअरच पडेना. क्लच गेला. मेकॅनिक म्हणतो, मधून तोडायला लागतो. तो माणूस आज दुपारी परत येतोय, मिळेल त्या भावात देऊन टाकते. शेत वाट्यानं लावते आणि हुबळीला लेकीकडे जाते."

तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. अण्णा म्हणजे थोरला. सत्तरी ओलांडलेल्या, गल्लीभर अण्णा म्हणून मिरवणाऱ्या माणसाला कुणी तम्मा म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"हुबळीला?" अण्णा म्हणाले. "किती दिवस?"

"दिवस कसले? जाते म्हणजे जाते." आणि फोन बंद झाला.

अण्णा फोनकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता काहीतरी गमतीचं बोलतील. पण ते आत गेले, स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि माझ्या गाडीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. रविवारी शहराबाहेर गाडी हाणायचा मला मनस्वी कंटाळा आहे. पण ते दाराची कडी सोडेनात. मी किल्ली आणायला वर गेले.

आम्ही होसूर रोडला लागलो. शेजारून एक ट्रक जळक्या क्लचचा वास सोडत गेला, तरी त्यांनी नाकसुद्धा उचललं नाही. तेव्हा मात्र मला काळजी वाटायला लागली.

शेतावर पोचलो तेव्हा अक्का ओसरीवर शेंगा निवडत बसली होती. ठेंगणी, काटक बाई, नाकात लखलखीत चमकी. समोर उघड्या शेडमध्ये ट्रॅक्टर उभा होता आणि बसवराज नावाचा मेकॅनिक त्याच्या पोटाखाली लाकडाचे ठोकळे रचत होता. जुन्या ट्रॅक्टरच्या क्लचपर्यंत पोचायचं तर इंजिन एकीकडे आणि मागचं धूड एकीकडे, असे दोन तुकडे करावे लागतात, हे मला तेव्हा कळलं.

"थांब, उघडू नको!" अण्णा ओरडले. बसवराज थांबला. मग अण्णा अक्काकडे वळले, त्यांनी घसा साफ केला, तोंड उघडलं आणि मिटलं. जो प्रश्न ते साऱ्या जगाला विचारतात, तो त्यांना त्या एका बाईला विचारता येईना.

शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही विचारा."

"काय विचारू?"

"तेच. शेवटचं बरं कधी होतं."

मी विचारलं. अक्का शेंगांवरून नजर न काढता म्हणाली, "त्याला सांगा, परवापर्यंत बरं होतं."

अण्णा दोन हातांवर उभे होते. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "विचारा, चालवलं कुणी?" मी विचारलं. अक्का म्हणाली, "त्याला सांगा, ड्रायव्हर काय कमी आहेत?" माझी मान दुखायला लागली होती. बसवराज म्हणाला, "मलाही हेच सांगितलं. परवापर्यंत चालत होती आणि एकदम गेली, म्हणजे प्लेटच गेली. दुसरं काय असणार?" त्याचं काही चुकत नव्हतं. जबानीच तशी होती.

अण्णा ट्रॅक्टरपाशी गेले. पेडल हातानं दाबून पाहिलं, त्याच्या दांड्या पाहिल्या, सगळं जागच्या जागी. खाली वाकून वास घेतला. जळल्याचा वास नव्हता. मग ते ट्रॅक्टरला वळसा घालून पुढच्या चाकाशी आले, आणि तिथंच उकिडवे बसले ते उठेनात. गुडघ्यात चमक भरली की काय म्हणून मी धावले. त्यांच्या समोर, चाकाला अगदी चिकटून, एक लिंबू होतं. काळं पडलेलं, सुकून खडखडीत झालेलं. दुसऱ्या चाकापुढे तसंच दुसरं. बोनेटवर हाराचा नुसता दोरा उरला होता. लिंबं शाबूत होती, म्हणजे आयुधपूजेपासून हा ट्रॅक्टर वीतभरही पुढे सरकला नव्हता.

"अक्का," मीच न राहवून म्हटलं, "ही लिंबं?"

अक्कानं सूप खाली ठेवलं. आणि आता ती माझ्याशी नाही, सरळ अण्णांशी बोलली. "मी धुतली, मी हार घातला, लिंबं ठेवली. वरून नेणारा आला नाही. आज येईल, उद्या येईल. नाचणी काढायला मी शेजारचा ट्रॅक्टर आणला, पण पुजेला बसलेली गाडी दुसऱ्याच्या हातानं हलवली नाही. हे काय मेकॅनिकला सांगायचं? लोक हसतील."

इतके महिने एक गाडी अंगणात उभी ठेवायची, शेजाऱ्याची भाड्यानं आणायची, आणि हे सगळं दोन लिंबांपायी. मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.  अण्णांची पाठ आमच्याकडे होती.

मग जमिनीला हात टेकून ते उठले. "नळीनं धुतलीस?"

"मग काय तांब्यानं?"

"पाणी आत गेलं. त्यावर उभीच राहिली. प्लेट गंजून चिकटली, बसवराजा. जळलेली नाही. काढ ते ठोकळे." त्यांनी हात झटकले. "इंजिन बंद ठेवून गिअर टाक. पडला? आता काढ आणि चालू करून टाक." बसवराजनं टाकला. कर्र असा आवाज आला आणि गिअर पडेना. "पाहिलंस? जळलेला क्लच असा वागत नाही. आता सगळे बाजूला व्हा. बाई, तुम्ही त्या आंब्यामागे. अक्का, तूही."

पुढे काय होणार हे मला माहीत असतं तर मी आंब्यावर चढले असते. अण्णा ट्रॅक्टरवर चढले. इंजिन तापवून घेतलं, बंद केलं, गिअर टाकला, पेडल पूर्ण दाबलं आणि तसाच स्टार्टर मारला. ट्रॅक्टर एक हिसका देऊन शेडमधून सुटला. लिंबं कडकन फुटलेली मी ऐकली. क्लच सुटत नव्हता, त्यामुळे इंजिन बंद केल्याशिवाय तो थांबणार नव्हता, आणि अण्णा तर ते बंद करायचं नावच घेईनात. ढेकळांच्या त्या रिकाम्या शेतात ते गोल गोल फिरत होते. एक पाय क्लचवर, दुसरा ब्रेकवर आपटत. "सोड!" ते ट्रॅक्टरवर ओरडत होते. "सोड म्हणतो ना! किती दिवस धरून बसणार? सोड!"

"तम्मा, पडशील!" अक्का आंब्यामागून ओरडत होती. "मरू दे ती गाडी! उतर खाली!"

एक फेरी, दुसरी फेरी. अण्णांचा शर्ट पाठीवर फुगला होता. बसवराज ब्रेक मारा, ब्रेक मारा म्हणून पाठोपाठ धावत होता. अक्कानं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता. आणि मग एका जोरदार ब्रेकला आतून टप्प असा आवाज झाला. ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहिला. इंजिन मात्र चालू होतं. अण्णांनी सावकाश गिअर काढला, परत टाकला. आवाज नाही. पुढे नेला, थांबवला. मागे घेतला, थांबवला.

आम्ही तिघंही एकदम खाली बसलो, आहे तिथं, ढेकळांत. मला इतकं हलकं वाटलं की मी उगाचच टाळ्या वाजवल्या. बसवराज हसत होता. अक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला, हात धुवा. नाचणीचे मुद्दे गार होतात." अण्णांनी ट्रॅक्टर बंद केला आणि पुढच्या चाकावर थाप मारून खाली उतरले. गौरीच्या दिवशी राहिलेलं जेवण ते त्या दिवशी जेवले. मुद्दे म्हणजे नाचणीचे शिजवलेले गोळे. अण्णा ते सारात बुडवून एकामागून एक गिळत होते आणि अक्का वाढतच होती. मला वाटलं, संपलं, सगळं छान झालं.

ओसरीवर सुपारी चालू असताना मोटरसायकल वाजली. होसूरचं गिऱ्हाईक. आम्ही त्याला पार विसरलो होतो. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बिघडलेला ट्रॅक्टर पडत्या भावात जाणार होता. आता चांगला झालेला तर हातोहात जाईल. अण्णांनी क्लच सोडवला होता आणि त्याबरोबर अक्काचा हुबळीचा रस्ताही मोकळा केला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्याही ते त्याच वेळी ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी तोंडातली सुपारी चघळायची थांबवली होती.

गिऱ्हाईक चटपटीत होतं. त्यानं शेताच्या मधोमध उभा असलेला ट्रॅक्टर पाहिला. "बाहेर काढलात? म्हणजे झाला दुरुस्त?"

 अण्णा उठले, खांबाला टेकवलेला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्याच्यासोबत ट्रॅक्टरपाशी गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी टोक बंद इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बंद इंजिनात काय ऐकू येतं ते तेच जाणोत.

"ढकलत आणला बाहेर," ते म्हणाले. "क्लच गेला. पार गेला. प्रेशर प्लेट पण गेली. आणि हे ऐकलंत? गिअरबॉक्समध्ये पण आवाज आहे."

"बंद आहे की गाडी," गिऱ्हाईक म्हणालं.

"बंद असूनही आवाज आहे. म्हणजे बघा."

बसवराजनं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय ठेवला. त्यानं तोंड मिटलं. ज्या माणसानं आयुष्यभर क्लचबरोबर आलेली एकही खोटी गोष्ट खपवून घेतली नाही, तो माणूस त्या उन्हात उभा राहून, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, एका तंदुरुस्त ट्रॅक्टरचे रोग सांगत होता. मागचा ॲक्सल. हायड्रॉलिक. तेल प्यायची सवय. एवढं धडधडीत चुकीचं निदान मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

गिऱ्हाइकाला काही पटलं नाही. ते वळून अक्काला म्हणालं, "अक्का, तुम्ही सांगा. खरंच एवढं बिघडलंय?"

अक्का ओसरीच्या पायरीवर उभी होती. तिनं ट्रॅक्टरकडे पाहिलं, चाकांच्या ताज्या गोल खुणांनी भरलेल्या शेताकडे पाहिलं आणि मग भावाकडे पाहिलं.

"हा माझा भाऊ कारखान्यात क्लचच बघायचा," ती म्हणाली. "तो म्हणतो गेला, तर गेलाच."

मोटरसायकल निघून गेली. बसवराजही आपली हत्यारं गोळा करून, मान हलवत, पण हसतच गेला. अण्णा परत येऊन ओसरीच्या कडेला बसले. आता ते सरी, सरी म्हणून विषय संपवतील अशी माझी अपेक्षा होती.

"खोटं बोललास, तम्मा," अक्का म्हणाली.

"हो," अण्णा म्हणाले. ते स्क्रूड्रायव्हरकडे बघत होते. "काय करू? सगळं बेंगळूर मला अण्णा म्हणतं. भाजीवाला अण्णा, बसवाला अण्णा, ही बाई पण अण्णा. तू गेलीस तर तम्मा कोण म्हणणार मला?"

अक्कानं रिकामं ताट उचललं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचा होता.

"जाते कुठली मी," ती म्हणाली. "गाडीचा क्लच गेलाय. आत्ता ऐकलं नाहीस?"